हामानताशेन ओव्हनमध्ये उघडतात? चिमट्याआधी पिठाचा गारवा तपासा

ट्रे ओव्हनमध्ये सरकवताना प्रत्येक बिस्किट नीट तिकोनी असतं. दहाव्या मिनिटाला काचेतून बघावं तर कोपरे सुटलेले, कडा आडव्या पडलेल्या आणि खसखशीचं सारण कागदावर ओघळून करपायला लागलेलं. पुरीम या ज्यू सणाच्या आठवड्यात हामानताशेन, म्हणजे सारण भरलेली तिकोनी बिस्किटं, करणाऱ्या घरोघरी हीच तक्रार असते. मी इस्रायलमध्ये अश्दोदला राहते, माहेर ठाण्याचं. इथल्या शेजारणी आणि तिकडच्या मावश्या-वहिनी, दोन्हीकडून दर वर्षी हाच फोटो येतो आणि त्याखाली हाच प्रश्न: एवढे घट्ट चिमटे काढले, तरी उघडलं कसं?

बहुतेक वेळा दोष चिमट्यात नसतोच. आपले हात करंजीवर तयार झालेले. करंजीची कड दाबून कातण फिरवलं आणि ती गरम तेलात सोडली, की काही क्षणांत तिचं आवरण धरतं. सुटायला तिला वेळच मिळत नाही. ओव्हनमधली उष्णता हवेतून येते, पिठात सावकाश शिरते. बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं, आणि अंडं व पीठ धरायला ६०-७० अंशांच्या पुढे जावं लागतं. या दोहोंच्या मधल्या काही मिनिटांत बिस्किटाच्या भिंतींना आधार उरत नाही: बटर पातळ झालेलं, पीठ अजून कच्चं. कोपरे सुटतात ते या वेळात. पुढच्या जवळजवळ सगळ्या तपासण्या ही मधली मिनिटं कमी करण्यासाठी आहेत, नाहीतर त्या मिनिटांत भिंतींवरचा भार हलका करण्यासाठी.

लक्षणं

काहीही बदलण्याआधी बिघडलेला ट्रे नीट बघा. कोणत्या प्रकारे उघडलं त्यावरून अर्धं उत्तर मिळतं.

तिन्ही कोपरे सुटून बिस्किट जवळपास गोल आणि पसरट झालं असेल, तर पीठ गरम होतं, पिठाचं प्रमाण चुकलं होतं किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता.

प्रत्येक बिस्किटात एखादाच कोपरा सुटला आणि तोही दर वेळी वेगळा, तर घडी किंवा कडेला लागलेलं सारण.

कोपरे शाबूत, पण सारण मधल्या तोंडातून उकळून बाहेर आलं, तर सारण पातळ किंवा जास्त.

घडीवर तडा जाऊन तिथून फाटलं, तर पीठ कोरडं.

ट्रेच्या एकाच बाजूची किंवा मागच्या ओळीचीच बिस्किटं उघडली, तर थेट ओव्हनवर संशय घ्या. त्यासाठी ट्रेची कोणती बाजू आत होती ते लक्षात ठेवावं लागतं. ट्रेच्या कोपऱ्यावर फॉइलचा तुकडा गुंडाळून ठेवला की खूण राहते.

पहिली तपासणी: सारण किती घातलं आणि कड कोरडी आहे का

याला एक पैसा लागत नाही. साडेसात सेंटिमीटरच्या चकतीला सारण एक सपाट चहाचा चमचा, त्याहून जास्त नाही. भरपूर सारणाचा मोह समजतो, पण सारण तापलं की फुगतं आणि बाहेरच्या बाजूला रेटतं, आणि ते रेटतं तेव्हाच भिंती सर्वांत मऊ असतात.

मग कड बघा. चमचा टेकताना सारणाचा एक ठिपका जरी कडेला लागला, तरी तिथे पीठ पिठाला चिकटत नाही, कारण मध्ये साखरेचा आणि तेलाचा थर बसतो. लाटताना लावलेला कोरडा मैदाही हेच करतो. मऊ ब्रशने कड झटका, मग अंड्याचा पांढरा बलक बोटाने अगदी पातळ लावा. पाण्यापेक्षा बलक चांगला, कारण तापल्यावर तो स्वतः घट्ट होऊन सांधा धरून ठेवतो.

दुसरी तपासणी: घडी

नुसते तीन चिमटे काढून उभे केलेले कोपरे दिसायला छान, पण त्यांना धरून ठेवणारा सांधा अगदी छोटा असतो. त्याऐवजी कडा एकमेकींखाली अडकवा. चकतीची डावी कड उचलून तिरकी आत टाका. उजवी कड उचलून वरच्या टोकाला तिच्यावर चढवा. आता खालची कड वर आणा: तिचं उजवं टोक उजव्या कडेच्या वर राहू दे आणि डावं टोक डाव्या कडेच्या खाली सरकवा. झालं. प्रत्येक कड एका टोकाला वर, दुसऱ्या टोकाला खाली. आता कोपरा सुटायचा तर वरची कड उचलली गेली पाहिजे, आणि तिच्यावर दुसरीचं वजन आहे.

मधलं तोंड दोन सेंटिमीटरपेक्षा मोठं ठेवू नका. ओव्हनमध्ये ते थोडं मोठं होणारच. कोपरे टोकदार न ठेवता अंगठ्याने किंचित बोथट दाबा. टोकदार कोपऱ्यात पीठ पातळ असतं, ते आधी वाळून तडकतं.

तिसरी तपासणी: गारवा

माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, म्हणून हे सविस्तर सांगते.

पीठ तीनदा गार करायचं. मळल्यावर गोळा न ठेवता दोन सेंटिमीटर जाडीची चपटी वडी करा, झाकून फ्रीजमध्ये किमान दोन तास ठेवा. गोळ्याचा मधला भाग गार व्हायला फार वेळ लागतो, वडी सगळीकडून सारखी गार होते. चकत्या कापल्यावर त्या उचलताना वाकत किंवा ताणल्या जात असतील, तर दहा मिनिटं परत फ्रीजमध्ये. आणि सर्वांत महत्त्वाचं: सारण भरून, घड्या घालून झाल्यावर अख्खा ट्रे वीस ते तीस मिनिटं फ्रीजरमध्ये.

मिनिटं मोजण्यापेक्षा बोटाने खात्री करा. कोपऱ्यावर बोट टेकवा. ठसा उमटला तर अजून वेळ आहे. कोपरा कडक लागला, बोटाला थंडी जाणवली आणि ठसा उमटला नाही, की ट्रे तयार. तो बाहेर न ठेवता थेट तापलेल्या ओव्हनमध्ये जाऊ द्या. भाजायला एक-दोन मिनिटं जास्त लागतील, तेवढी लागू द्या. इतकं गार पीठ आत गेलं की बाहेरची कड धरायला लागते तेव्हा आतलं बटर अजून घट्टच असतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

पुरीम फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. तेव्हा अश्दोदच्या स्वयंपाकघरात बऱ्याचदा स्वेटर घालून काम करावं लागतं, पण ठाणे-मुंबईत मार्चच्या दुपारी ओट्याजवळ ३० अंशांच्या वर तापमान असतं. तिथे बटर ओट्यावरच वितळायच्या बेतात असतं. म्हणून इथली कृती तिकडे जशीच्या तशी चालत नाही. मावशीला मी सांगते: सकाळी लवकर लाटायला घ्या, एका वेळी वडीचा चौथा हिस्साच बाहेर काढा, आणि लाटण्याआधी स्टीलचं मोठं ताट फ्रीजरमध्ये ठेवून त्यावर चकत्या कापा. पंखा लावायला हरकत नाही, फक्त पिठावर थेट वारा नको, कडा वाळतात.

आणखी एक. एस्तेरचा उपवास ज्यू पंचांगातल्या आदार महिन्याच्या १३ तारखेला आणि पुरीम १४ला. बरीच घरं उपवासाच्या दिवशीच भाजायला घेतात. पोटात काही नाही, संध्याकाळी एस्तेरची गुंडाळी, म्हणजे पुरीमची कथा असलेला ग्रंथ, ऐकायला सिनेगॉगमध्ये जायचं असतं, मग फ्रीजरची अर्धी वेळ कापली जाते. तसं करू नका. भरलेली, दुमडलेली कच्ची बिस्किटं ट्रेवर कडक करून डब्यात भरली तर फ्रीजरमध्ये महिनाभर उत्तम राहतात. उपवासाच्या दिवशी फक्त भाजायची.

चौथी तपासणी: एक रिकामी चकती

इथवर सगळं करूनही उघडत असेल तर अंदाज बांधत बसू नका. एक चकती सारण न घालता, न दुमडता, फ्रीजरमध्ये कडक करून तशीच भाजा. आधी आणि नंतर पट्टीने मोजा. साडेसातची आठपर्यंत गेली तर पीठ ठीक आहे, दोष सारणात किंवा घडीत. साडेआठ-नऊ झाली तर सारणाच्या वाटेला जाऊ नका, दोष पिठात किंवा ओव्हनमध्ये आहे. एका चकतीच्या मोबदल्यात अख्खा ट्रे वाचतो.

लाटायची जाडी याच वेळी बघून घ्या: तीन ते चार मिलिमीटर. दोन मिलिमीटरची भिंत स्वतःच्या वजनाने बसते, पाचची भिंत घडीवर ताठ राहून परत उलगडते.

पाचवी तपासणी: सारणाचा घट्टपणा

खसखशीचं सारण कढईत जेवढं घट्ट दिसतं त्याहून ओव्हनमध्ये सैल होतं, कारण साखर आणि मध तापल्यावर पातळ होतात. २०० ग्रॅम कोरडी दळलेली खसखस, २०० मिलिलिटर दूध, १०० ग्रॅम साखर, एक चमचा मध आणि लिंबाची किसलेली साल, हे मंद आचेवर ढवळत राहा. चमचा कढईच्या तळावरून ओढला की मागे रेघ पडली पाहिजे आणि ती लगेच बुजता कामा नये. तरीही सैल वाटलं तर एक-दोन चमचे बिस्किटाचा चुरा घाला. मग पूर्ण गार करा. कोमट सारण भरलं तर फ्रीजरमध्ये मिळवलेला गारवा आतूनच वाया जातो. युरोपात आणि इथे इस्रायलमध्ये निळसर काळी खसखस वापरतात, इथे तर सणाच्या आधी ती दळलेलीच मिळते. भारतातली पांढरी खसखस चवीला सौम्य असते, पण सारणाचं काम चोख करते. मिक्सरमध्ये थोड्या साखरेबरोबर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवली तर तेल सुटतं.

बाटलीतला जॅम ही दुसरी नेहमीची अडचण. त्यातला बराचसा जॅम पावावर लावण्यासाठी केलेला असतो, तो भाजताना उकळून वाहतो. विकत घेतला की आधी एक चमचा जॅम कागदावर ठेवून १८० अंशांवर दहा मिनिटं भाजून बघा. ढीग राहिला तर वापरा. थारोळं झालं तर पातेल्यात आटवून घ्या.

जुन्या लोकांनी या अडचणीवर फार आधी उत्तर शोधलं होतं: आलुबुखाऱ्याचं पोविडल. मध्य युरोपात ते पारंपरिक पद्धतीने साखर न घालता तासन्‌तास शिजवून इतकं आटवतात, की त्यात वाहण्यासारखं पाणी उरत नाही. या सारणाला पुरीमच्या इतिहासातही जागा आहे. १७३१ साली बोहेमियात युंगबुन्झलाऊ या गावी, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लाव इथे, पोविडल विकणाऱ्या दावीद ब्रांडाइस यांच्यावर गिऱ्हाइकाला विषारी जॅम विकल्याचा आळ आला. ते निर्दोष ठरले, आणि त्या सुटकेचा दिवस त्यांच्या घराण्यात पोविडल पुरीम म्हणून पाळला जाऊ लागला. घरी करायचं तर सुके आलुबुखारे पाण्यात मऊ शिजवा, वाटा आणि परत आटवा. ते नको असेल तर बिया काढलेला मऊ खजूर लोण्यासारखा मळून घ्या. खजुराचं सारण मी कधी वाहताना पाहिलेलं नाही, पहिल्यांदा करणाऱ्यांना मी तेच सुचवते. चॉकलेट स्प्रेड मुलांना आवडतं, पण त्याच्या अर्ध्या चमच्याच्या गोळ्या आधी गोठवून मगच भरा.

सहावी तपासणी: पीठ

चकती पसरली असेल तर इथे या. मी वापरते ते प्रमाण: मैदा ३०० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १५० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, एक अंडं, चिमूटभर मीठ, बेकिंग पावडर फार तर अर्धा चहाचा चमचा, संत्र्याची साल. यात साधारण ३० बिस्किटं होतात. वाट्यांनी मोजू नका, काट्यावर वजन करा. मैद्याची एक वाटी दाबून भरली की सैल भरली यात वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो.

मुख्य संशयित बेकिंग पावडर. इथे ती १० ग्रॅमच्या पुड्यांमध्ये मिळते आणि पुडी उघडली की सगळी ओतायची सवय असते. ३०० ग्रॅम मैद्याला ते फारच जास्त. पीठ फुगतं आणि फुगताना घडी ढकलून उघडतं. दुसरं, बटर आणि साखर केकसारखी फेसू नका. आत कोंडलेली हवा ओव्हनमध्ये तेच करते. गार बटर मैद्यात बोटांनी चोळा, मग अंडं घालून जेमतेम एकत्र करा. तिसरं, दाणेदार साखर भाजताना विरघळून पीठ पसरवते, पिठीसाखर घातली तर पसरणं कमी होतं. घरचं लोणी वापरत असाल तर त्यात पाणी किती आहे ते दर वेळी बदलतं. बाजारातल्या बटरमध्ये स्निग्धांश ८० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून प्रमाण जमेपर्यंत तेच घ्या.

ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. म्हणून मांसाच्या जेवणानंतर खाता यावीत यासाठी बरीच घरं पारवे, म्हणजे दूध-मांस दोन्ही नसलेलं, पीठ बटर न घालता करतात. मार्गारीन वापरायचं तर वडीच्या रूपात मिळणारं, डब्यातलं पसरायचं नको. त्यात पाणी जास्त असतं. आणि तेलाचं पीठ असेल तर तिसऱ्या तपासणीतला गारवा पूर्ण उपयोगी पडत नाही, कारण तेल फ्रीजमध्ये बटरसारखं घट्ट होत नाही. तिथे सगळी भिस्त अडकवलेल्या घडीवर आणि कमी सारणावर. यिस्टचं जुन्या पद्धतीचं पीठ करणाऱ्यांनी घडी घातल्यावर ते जास्त फुगू देऊ नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

तडे जात असतील तर उलट गोष्ट: लाटताना मैदा फार लागला किंवा पीठ अति गार असताना दुमडलं. एक चमचा गार पाणी शिंपडून पीठ परत एकत्र करा, आणि दुमडताना चकती दोन मिनिटं बाहेर राहू द्या.

सातवी तपासणी: ओव्हन

ओव्हन शेवटी ठेवला कारण यात वेळ आणि पैसा जातो, आणि वरचं सगळं सुधारल्यावर बऱ्याच जणींना इथवर यावंच लागत नाही.

दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नाही. हवा तापलेली असते, भिंती नाही. दार उघडून फ्रीजरमधला ट्रे ठेवला की ती हवा निघून जाते. वीस-पंचवीस मिनिटं तापू द्या. साधी सेटिंग असेल तर १८० अंश, पंखा चालू असेल तर १६० ते १६५. एका वेळी एकच ट्रे, मधल्या खणात, १२ ते १५ मिनिटं. छोट्या ओटीजीमध्ये वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू ठेवा. फक्त खालचा असेल तर तळ आधी सैल पडतो आणि वरच्या कडा उशिरा धरतात. आठव्या मिनिटाला ट्रे फिरवा.

बटणावरचा आकडा खरा आहे का, हे बघायला ओव्हनचा थर्मामीटर सर्वांत सोपा. तो नसेल तर साखरेने बघा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत एक चमचा साखर घालून १७५ वर पंधरा मिनिटं ठेवा: वितळायला नको. मग ताजी साखर १९० वर पंधरा मिनिटं: वितळायला लागली पाहिजे. १७५ वरच वितळली तर ओव्हन जास्त तापतो, १९० वरही कोरडी राहिली तर कमी. फरक १०-१५ अंशांचा आणि नेहमी तेवढाच असेल, तर बटण तेवढं पुढे-मागे करून काम भागतं.

ट्रे आता बाहेर आला आणि उघडलाच असेल तर पहिल्या एक-दोन मिनिटांत दोन चमच्यांनी कडा हळूच आत ढकला. पीठ अजून मऊ असतं, गार होताना त्या आकारात धरतं. पाच मिनिटांनी हे करू गेलात तर बिस्किट तुटेल.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी घरी करायच्या नाहीत. ओव्हनच्या बाहेरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येणं, ओव्हन लावताच एमसीबी किंवा ईएलसीबी (धोका होताच वीज आपोआप तोडणारे स्विच) पडणं, रॉडवर फोड किंवा भेग दिसणं, वायर जळल्याचा वास: मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन किंवा कंपनीचा माणूस बोलवा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हचं मागचं झाकण तर कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब साठलेला असू शकतो. गॅसचा ओव्हन असेल आणि वास येत असेल, तर कोणताही स्विच न दाबता गॅस बंद करा, खिडक्या उघडा, घराबाहेर जाऊन फोन करा. ज्योत निळीऐवजी पिवळी किंवा काजळी धरणारी असेल तरी ओव्हन बंद ठेवून गॅसच्या मेकॅनिकलाच दाखवा.

तापमान कधी ३० अंश वर, कधी ३० खाली असं हेलकावत असेल, तर तो थर्मोस्टॅटचा दोष. पीठ बदलून तो जाणार नाही. तेव्हा बटर वाया घालवू नका. आणि दुधाची बिस्किटं भाजलेल्या ओव्हनमध्ये किंवा ट्रेवर पारवे बिस्किटं भाजायची असतील, तर तो निर्णय आपल्या रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) विचारूनच घ्यावा. घराघरातली पद्धत वेगळी असते, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

मेकॅनिक येणार असेल तेव्हा थर्मामीटर मधल्या खणात ठेवून दर पाच मिनिटांनी आकडा लिहा, अर्धा तास, बटण १८० वर. शेजारी ट्रेचा फोटो ठेवा, फॉइलची खूण दिसेल असा. 'ओव्हन नीट भाजत नाही' एवढंच सांगितलं तर बहुतेक जण रॉड तापतोय हे बघून निघून जातात. आकड्यांचा कागद हातात दिला की थर्मोस्टॅट, पंखा की दाराचं रबर, यातलं काय तपासायचं ते त्यांना लगेच कळतं.